चित्ररथावर उभं कोण राहणार? मंडळांना एक खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत पाडव्याला, शिवजयंतीला चित्ररथ काढणारी सर्व मंडळं, त्यांचे अध्यक्ष, खजिनदार आणि पहाटे चारला उठून ट्रक सजवणारे कार्यकर्ते यांस,

विषय : चित्ररथावर पुतळ्यासारखं उभं राहणाऱ्यांची काळजी घेणेबाबत.

स. न. वि. वि.

पाडव्याच्या बैठका सुरू झाल्या की पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. यंदाचा विषय काय, ट्रक कुणाचा मिळतोय आणि फ्लेक्सवर कुणाकुणाचे फोटो. तिसऱ्या प्रश्नावर रात्रीचे साडेअकरा वाजतात. मग चपला घालता घालता कुणीतरी विचारतं, "अरे, पण वर उभं कोण राहणार?" आणि हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. उंच पोरं मावळे, जिच्या आईकडे नऊवारी आहे ती जिजाऊ, गुटगुटीत असेल तो बाळकृष्ण. चला, झालं. उद्या मेकअपवाल्याला फोन करा.

मला या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल लिहायचं आहे.

मी नौपाड्यात राहते आणि परफॉर्मन्स आर्टिस्ट आहे. असं सांगितलं की लोकांना आधी नाटक वाटतं, मग नाच वाटतो, मग ते विषय बदलतात. माझं काम न हलण्याचं आहे. कधी कलादालनात, कधी स्टेशनच्या पुलावर, कधी तलावपाळीच्या कठड्याला लागून मी एकाच स्थितीत ठरवलेला वेळ उभी राहते किंवा बसते. हात थरथरायला लागतो, घाम डोळ्यांत उतरतो, पाय सुजतात. जे होईल ते बघणाऱ्यांसमोर होऊ देते. सासूबाई डबा भरताना विचारतात, "आज किती वाजेपर्यंत काही करायचं नाहीये?" इतका नेमका प्रश्न मला अजून कुठल्याही कलासमीक्षकाने विचारलेला नाही.

हे खूळ माझं एकटीचं नाही. मरीना अब्रामोविच २०१० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, संग्रहालय उघडं असेल तितका वेळ, खुर्चीत गप्प बसून होती. समोरच्या खुर्चीत कुणीही येऊन बसावं आणि तिच्याकडे बघावं. सगळे तास मिळून सातशेच्या वर गेले. आपल्या मुंबईत रुम्माना हुसेन यांनी १९९५ साली एनसीपीए या कलाकेंद्रात, अर्धी कापलेली पपई हातात धरून, तोंड उघडं ठेवून, आवाज न काढता चालत एक प्रयोग केला. मुंबईतल्या दंगलींना तेव्हा दोनच वर्षं झाली होती. निखिल चोप्रा यांनी २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात नऊ दिवस मुक्काम ठोकला आणि वेश बदलत, चित्रं काढत ते तिथेच राहिले.

पण खरं सांगू? हेवा मला तुमचा वाटतो. डोंबिवलीत १९९९ला पाडव्याची स्वागतयात्रा निघाली, मग ठाण्यात, मग वाशी, नेरुळ, ऐरोली, सगळीकडे पसरली. एका सकाळी तुम्ही रस्त्यावर जितकी स्थिर माणसं उभी करता तितकी देशातलं कुठलंच कलादालन वर्षभरात करत नसेल. बघायला पाच वर्षांच्या पोरापासून पंचाऐंशी वर्षांच्या आजींपर्यंत सगळे येतात. याला कला म्हणायचं का, असं तुम्हाला कुणी विचारत नाही. माझ्या प्रयोगाला वीस माणसं जमली तरी आयोजकाचा चेहरा खुलतो.

म्हणजे आपण एकाच धंद्यातले आहोत. या धंद्यातला पहिला नियम तुमच्यापर्यंत पोचलेला दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. माणसाला ज्याने स्थिर उभं केलं, त्याच्या अंगाची जबाबदारी त्या उभं करणाऱ्याची असते. उभा राहिलेला माणूस ती घेऊ शकत नाही, कारण हलायचं नाही हेच त्याला सांगितलेलं असतं.

काही वर्षांपूर्वीच्या एका यात्रेत मी बघ्यांमध्ये उभी होते. मंडळाचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण तुमच्यापैकी कुठलंही असू शकलं असतं. ट्रकच्या एका कोपऱ्यात आठ-नऊ वर्षांचा मावळा, हातात त्याच्या दुप्पट उंचीचा झेंडा. पडू नये म्हणून कमरेभोवती ओढणी घालून त्याला मागच्या लोखंडी पाइपला बांधलेलं. पुढे ढोलपथक रंगात आलं होतं, मोबाइल वर गेले होते, त्यामुळे रथ चौकात अडकला होता. सकाळचे दहा वाजून गेलेले. त्या पोराने जांभई दिली. मग आणखी एक. खालून कुणीतरी ओरडलं, "मावळा झोपला रे!" लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण ती जांभई मला ओळखीची आहे. मग त्याची मान एका बाजूला कलली आणि तो तसाच उभा राहिला. उभा राहिला म्हणजे ओढणीने त्याला उभं ठेवलं. एका कार्यकर्त्याने प्रेमाने त्याची हनुवटी वर केली, फेटा सरळ केला आणि तो पुढे गेला.

मी चाकावर पाय ठेवून वर चढले. ओढणीची गाठ घामाने घट्ट बसली होती, सुटेना, शेवटी मेकअपवाल्याची कात्री मिळाली. पोराला फळीवर आडवं केलं, पाय उचलून स्पीकरच्या खोक्यावर ठेवले, अंगरख्याचे बंद सोडले. मिनिटभरात त्याने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "माझा झेंडा कुठंय?" कार्यकर्ते चांगले होते. एकजण सरबत घेऊन धावत आला, एकाने आईला गर्दीतून शोधून आणलं. पाचेक मिनिटांनी रथ हलला तेव्हा त्याच जागी, त्याच पाइपला, त्याच्याच वयाचं दुसरं पोर बांधलेलं होतं.

आता हे होतं कसं ते सांगते. माणूस चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आवळतात-सुटतात आणि पायातलं रक्त पंपासारखं वर ढकलतात. उभं राहून पाय हलवायचेच नाहीत म्हटलं की हा पंप बंद. मोठ्या माणसात काही मिनिटांत अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली साठतं. त्यात ऊन असलं की अंग थंड ठेवायला शरीर आणखी रक्त कातडीकडे पाठवतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी, म्हणून मेंदूकडे जाणारंही कमी. १५ ऑगस्टच्या परेडला सावधानमध्ये उभा असलेला धडधाकट कॅडेट खाली कोसळतो तो यामुळेच. सकाळी न खाता आला, रात्री झोपला नाही, गुडघे ताठ कुलूपबंद करून उभा राहिला, की वेळ आणखी लवकर येते. आणि कोसळणं हा शरीराने काढलेला उपायच आहे. आडवं झालं की रक्त आपोआप डोक्याकडे येतं.

म्हणून बांधून ठेवणं सर्वांत वाईट. बांधलेला माणूस बेशुद्ध होतो पण आडवा होत नाही आणि मेंदूला रक्त मिळत नाही. यात जीव जाऊ शकतो. तुम्ही ओढणी मायेनेच बांधता, पोर ट्रकवरून पडू नये म्हणून, हे मला ठाऊक आहे. पण मग त्याला उभं करू नका, बसवा. कठडा कमरेच्या वर येईल असा करा. बाकी या पत्रातलं काही पटलं नाही तरी चालेल, पण पाइपला बांधणं या वर्षीपासून बंद करा.

तुम्ही म्हणाल, कोणी बेशुद्ध पडायला आलं तर आम्हाला कळत नाही का? नाही कळत. चक्कर यायच्या आधी चेहरा पांढरा पडतो, पण तुमच्या मावळ्याच्या चेहऱ्यावर पॅनकेक मेकअपचा थर असतो. ओठ फिके पडतात, पण ते रंगवलेले असतात. घाम गार होतो, पण त्या गर्दीत हात कोण लावून बघतो? आधी जांभया येतात, मग मळमळतं, मग आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, मग कडेने अंधार येतो. यातलं जांभई सोडलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. आणि उभ्या असलेल्या पोराला वाटतं आपण आता हललो तर मंडळाची इज्जत जाईल.

माझ्या प्रत्येक प्रयोगाला एक सोबतीण असते. प्रेक्षकांना ती दिसतसुद्धा नाही. तिचं काम एकच, माझ्याकडे बघत राहणं. फोन नाही, गप्पा नाहीत. आमचे इशारे ठरलेले असतात. अंगठा आत दुमडला की पाणी, डोळे घट्ट मिटून उघडले की बास. मी ऐटीत म्हणू शकते की मी तासन्तास स्थिर राहते, पण ते ती असते म्हणून. तेहचिंग श्ये या तैवानी कलाकाराने १९७८-७९ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या स्टुडिओत लाकडी पिंजरा बांधून त्यात स्वतःला वर्षभर कोंडून घेतलं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. जगाला त्याचंच नाव माहीत आहे. पण रोज त्याचं जेवण आणून देणारा आणि घाण बाहेर नेणारा एक मित्र होता. तो नसता तर पहिल्या आठवड्यातच सगळं संपलं असतं.

याच संदर्भात एक गोष्ट मी तुमच्या प्रत्येक बैठकीत वाचून दाखवली असती, तुम्ही बोलावलं असतं तर. १९७५च्या एप्रिलमध्ये क्रिस बर्डन नावाचा कलाकार शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयात भिंतीवर एक घड्याळ लावून, भिंतीला तिरकी टेकवलेल्या मोठ्या काचेखाली आडवा झाला. बस्स, पडून राहिला. प्रयोग कधी संपणार ते त्याने कुणाला सांगितलं नाही. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. खाणं नाही, पाणी नाही. संग्रहालयाची मंडळी हवालदिल झाली, पण कलाकृतीत ढवळाढवळ नको म्हणून कुणी पुढे होईना. शेवटी ४५ तास १० मिनिटांनी तिथल्या एका कर्मचाऱ्याने न राहवून त्याच्याजवळ पाण्याचं भांडं आणून ठेवलं. बर्डन ताडकन उठला, हातोडीने घड्याळाची काच फोडली आणि प्रयोग संपला. त्याने आधीच ठरवलेलं होतं, संग्रहालयातलं कुणी त्याला, घड्याळाला किंवा काचेला हात लावेल किंवा काही करेल, त्या क्षणी संपवायचं. वेळ त्यांच्या हातात होती आणि ते त्याच्याकडे बघत बसले होते.

त्या वेड्या माणसाने स्वतःच्या अंगावर बेतवून जे दाखवलं ते तुमच्या ट्रकवर दर पाडव्याला घडतं. सगळ्यांना वाटतं, देखावा मोडायला नको. पाण्याचं भांडं घेऊन पुढे जाणारा कोण, हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन वेळी कुणीच जात नाही. तीन पात्रांमागे एक सोबती ठेवा. त्याला बॅज द्या, त्याच्या हातात दुसरं काम देऊ नका आणि त्याने "उतरवा" म्हटलं की अध्यक्षांनाही न विचारता उतरवायचं.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. अब्रामोविचचाच आणखी जुना प्रयोग आहे, १९७४ सालचा, इटलीतल्या नेपल्समधला. ती सहा तास स्वस्थ उभी राहिली आणि समोर टेबलावर ७२ वस्तू ठेवल्या, गुलाब, मध, कात्री, पिस्तूल, गोळीसुद्धा. यांतलं काहीही माझ्यावर वापरा, असं लिहून ठेवलं. सुरुवातीला लोकांनी फूल दिलं. मग कपडे कापले, गुलाबाचे काटे टोचले आणि शेवटी कुणीतरी पिस्तूल तिच्याकडे रोखलं, तेव्हा प्रेक्षकांतच जुंपली. वेळ संपल्यावर ती हलली, लोकांकडे चालत गेली, तर लोक पळाले.

हलणार नाही अशी बाई समोर दिसली की काही जणांचे हात मोकाट सुटतात, याला इटली लागत नाही. राणी लक्ष्मीबाई झालेल्या अकरावीतल्या मुलीला विचारा, राम मारुती रोडवर रथ थांबला की काय काय होतं. खांद्यावर हात टाकून सेल्फी, पदराला झटका, "ए राणी, हस ना". ती हलत नाही, कारण तिला सांगितलेलं असतं की हलायचं नाही. तर तिला हेही सांगा, आणि तिच्या आईवडिलांसमोर सांगा, की कुणी हात लावला तर भूमिका गेली खड्ड्यात, ओरड, ढाल घाल डोक्यात. रथाच्या दोन्ही बाजूंना दोरी धरणारे कार्यकर्ते असतातच, त्यांत दोन बायका असू द्या.

आता थोडं आपल्या धंद्यातलं, पोझबद्दल. हात डोक्याच्या वर उचलून धरणं सर्वांत अवघड. तलवार उगारलेला मावळा दिसतो झकास, पण सराव असलेलं माणूससुद्धा काही मिनिटांत थरथरायला लागतं. तुम्ही शाळेतल्या पोराला ती तलवार तीन तास देता. तलवार टेकवा. टोक फळीवर, दोन्ही तळवे मुठीवर, छाती पुढे. रुबाबही राहतो आणि खांदाही. झेंड्यासाठी फळीला लोखंडी नळी वेल्ड करून घ्या, काठी तिच्यात बसते आणि पोराने नुसता हात ठेवायचा. घोड्यावरच्या महाराजांसाठी खोगिराखाली खरं स्टूल ठेवा, अंगरख्याच्या घेरात ते कुणालाही दिसत नाही.

यात कुणाला लबाडी वाटली तर सांगते, कुंभमेळ्यात वर्षानुवर्षं न बसण्याचं व्रत घेतलेले खडेश्वरी साधू दिसतात ना, तेही समोर झुल्यासारखी टांगलेली फळी ठेवतात आणि छाती-हात तिच्यावर टेकवून विसावतात. तप त्यांचं, तरी टेकू आहे. आणि माझ्या नजरेने बघाल तर आपल्या विठोबाने निवडलेली पोझ सगळ्यांत शहाणपणाची आहे. पाय समचरण, वजन दोन्हींवर सारखं आणि हात कमरेवर, म्हणजे हातांचा भार खांद्यावर न लटकता कमरेच्या हाडावर येतो. अशा स्थितीत मी सर्वांत जास्त वेळ टिकते. कुणाला भूमिका देताना संभ्रम पडला तर हात कमरेवर ठेवायला सांगा. नवी मुंबईकरांना नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकडे एका पायावर ताटकळणारे फ्लेमिंगो पाहून वाटत असेल की सराव केला की जमतं. नाही जमत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेलेला फ्लेमिंगोसुद्धा एका पायावर उभा ठेवता आला होता, इतकी त्याच्या सांध्यांची रचनाच वेगळी आहे. आपल्याला देवाने ती सोय दिलेली नाही.

दहा वर्षांखालच्यांना उभी भूमिका देऊच नका. बसलेल्या भूमिका काय कमी आहेत का? जिजाऊंच्या शेजारी गोष्ट ऐकत बसलेला शिवबा, ओसरीवर पाटीवर अक्षर गिरवणारी सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी, नाव वल्हवणारा कोळी. मोठ्यांसाठी प्रत्येक भूमिकेला दोन माणसं नेमा आणि साधारण वीस मिनिटांनी अदलाबदल करा. लपूनछपून नको, लोकांसमोर करा. एक मावळा दुसऱ्याच्या हाती झेंडा देतो, यापेक्षा चांगला देखावा तुम्हाला कुठल्या फ्लेक्सवाल्याने करून दिला असता?

पहाटे तीन-चारला मेकअप, सहाला ट्रकवर, सातला यात्रा, संपता संपता अकरा-साडेअकरा. या सगळ्यात पोटात काय, तर कडुलिंब-गुळाचा प्रसाद. पाणी मुद्दाम दिलं जात नाही, कारण प्यायलं की लघवी लागते आणि नऊवारी, शेला, दागिने कोण सोडणार! हे आयाच सांगतात पोरींना, "जास्त पिऊ नकोस हं." म्हणून वाटेतल्या एखाद्या शाळेचं, सोसायटीचं स्वच्छतागृह आधी मागून ठेवा. ओळखीपाळखी तुमच्या भरपूर आहेत, जाहिराती मिळवायला वापरता तशा यालाही वापरा. आणि ड्रेपरीवाल्याकडून मखमल आणू नका. ती मखमल बहुतेक पॉलिएस्टरची असते, तिच्यातून वारा जात नाही आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत घाम सुकता सुकत नाही. पुतळा दिसावा म्हणून अंगभर चंदेरी-सोनेरी रंग फासायचा हट्टही सोडा. हार्डवेअरच्या दुकानातली पूड तेलात कालवून तर अजिबात नको. चेहरा आणि हात पुरे, तेही अंगाला लावायच्याच रंगाने.

उन्हाचं म्हणाल तर तारखेकडे बघा. २०२५चा पाडवा ३० मार्चला होता, २०२४चा ९ एप्रिलला. पाडवा एप्रिलमध्ये सरकला की यात्रा तासभर आधी काढा. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले, हे आपल्या दारातलं आहे. ती माणसं बसलेली होती. त्यांच्या अंगावर मखमल नव्हती, दाढी-मिशा चिकटवलेल्या नव्हत्या.

"हौसेने उभी राहतात हो मुलं, कुणी जबरदस्ती केलीय?" हे मी ऐकलेलं आहे. हौस तर गोविंदालाही असते. तरी १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायचं नाही, हे २०१७ साली उच्च न्यायालयात ठरलं आणि २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देताना गोविंदांच्या विम्याचंही जाहीर केलं. ठाण्याच्या हंड्यांवर नऊ थर लागतात तेव्हा सगळ्यांच्या माना वर असतात. मी खालच्या थराकडे बघते. माझ्या जातीची माणसं ती, हलायचं नाही आणि वजन सोसायचं. तिथे निदान पडण्याची भीती सगळ्यांना दिसते. तुमच्या रथावर उभं राहणाऱ्यावर वजन नसतं, म्हणून कुणाला ते श्रम वाटत नाहीत. दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या कामगारांना बसायची सोय मिळावी म्हणून केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली कायदा बदलला. नुसतं उभं राहणं हेही कष्टाचं काम आहे, हे तिथल्या विधानसभांनी मान्य केलं. तुमच्या कार्यकारिणीला त्यासाठी कायद्याची वाट बघायचं कारण नाही.

"श्रद्धेने उभं राहिलं की काही होत नाही," असंही एक काका म्हणाले होते. श्रद्धेने पोटऱ्या आवळत नाहीत, काका. बोटं आवळावी लागतात, मोजडीच्या आत, कुणाला न दिसता, एकदा डावी, एकदा उजवी. गुडघा किंचित सैल ठेवायचा. नजर समोरच्या माणसावर न ठेवता त्याच्या मागच्या गॅलरीवर ठेवायची. पापणी लववायची, न लववण्यात कसलंही शौर्य नाही. हे सगळं शिकवता येतं आणि तासाभरात येतं.

आणि इतकं करूनही कुणाला घेरी आलीच, तर उभं धरून ठेवू नका, खुर्चीतही बसवू नका. आडवं करा, पाय उचला, गळ्याशी काय आहे ते सैल करा, पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात पाणी ओतू नका. अंग तापलेलं असेल, बरळत असेल, तर ती साधी चक्कर नाही. सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा. फेटा-बिटा नंतर बघू.

एक मागणी राहिली, ती पैशांची नाही. रथ चौकात आला की माइकवरून नावं घेतली जातात. प्रायोजक, नगरसेवक, भावी नगरसेवक, मंडळाचे आधारस्तंभ. पुढच्या वेळी वर उभं असलेल्यांची नावंही घ्या. कुणाच्या घरातला, कुठल्या शाळेतला, कोण झालाय. आणि अदलाबदल झाली की नव्याचंही.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी ज्या मंडळांना बोलवावंसं वाटेल त्यांच्याकडे मी येईन. मानधन नको. मैदान नको, हॉल नको, इमारतीचं पार्किंग चालेल. फक्त उभं राहणारी माणसं स्वतः हवीत, त्यांच्या वतीने बोलणारे नकोत. त्यांच्यासाठी नेमलेल्या सोबत्यांनाही आणा. आणि त्या दिवशी पायात जे घालायचं असेल, मोजडी, कोल्हापुरी, काहीही, ते घालूनच या.

आपली,
नौपाड्यातली एक परफॉर्मन्स आर्टिस्ट

ता. क. जनरेटर बहुतेक ट्रकवर मागच्या बाजूला ठेवतात आणि सर्वांत लहान पोरं तिथेच उभी असतात, कारण पुढची जागा मोठ्यांनी घेतलेली असते. त्याचा सगळा धूर त्यांच्या तोंडावर येतो. एक तर जनरेटर वेगळ्या टेम्पोत टाका किंवा पोरांना पुढे आणा.